सहा शुक्रवारांचं वाचन

उत्तनला आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, आणि देवळात जे काही वाचलं जायचं ते लॅटिनमध्ये. फादर तिकडे तोंड करून वाचायचे, आम्ही इकडे माळ ओढायचो, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. कळत नाही म्हणून कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. देवाला कळतंय ना, मग झालं.

मराठीतलं वाचन व्हायचं ते फक्त उपासकाळात, ईस्टरच्या आधीच्या सहा शुक्रवारी. संध्याकाळची घंटा झाली की आमच्या पाखाडीतल्या कुठल्यातरी एका घरी सगळे जमायचे. पाखाडी म्हणजे वीस-बावीस घरांची आळी, त्यामुळे सगळे म्हणजे खरंच सगळे. शाळेतले म्हातारे मास्तर कंदिलाजवळ बसून शुभवर्तमानातली ख्रिस्ताच्या दुःखाची कथा वाचायचे. पहिल्या शुक्रवारी तो बागेत प्रार्थना करायचा आणि सहाव्या शुक्रवारी त्याला कबरेत ठेवायचं, असे त्यांनी सहा भाग पाडून ठेवले होते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि ते वाचन माझ्याकडे आलं. पुढं कितीतरी वर्षं ते माझ्याकडेच राहिलं. लढाईत घासलेट मिळेनासं झालं तेव्हा आम्ही उजेड असेतो वाचन उरकायचो, इतकाच फरक. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या वर्षाचं. त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं. उपासकाळाचं नाही, वाचनाचं नाही, देवाचं तर नाहीच. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं पहिलं पोर जाऊन चार महिने झाले होते.

ते कसं गेलं ते आधी सांगते, म्हणजे मला कुणी उगीच चांगली म्हणायला नको.

माझी सासू सुईण होती. मी तिला आई म्हणायचे. पाखाडीतली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मली होती आणि ती कुणाला ते विसरू द्यायची नाही. दोन पुरुषांचं जुंपलं की मध्ये जाऊन म्हणायची, "तुमी दोगंबी उलटंच आलेलं. तवाच वलखलं मी तुमाला." मग भांडण कसलं टिकतंय! बायका हसायच्या, पुरुष चडफडत घरी जायचे.

माझं बाळंतपण आठव्या महिन्यातच आलं. पहाटे दुखायला लागलं आणि उन्हं वर यायच्या आत पोर झालं. मुलगा. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. आईनं त्याला पुसलं, कापसात गुंडाळलं, दारातल्या उजेडात धरून बघितलं, आणि तिची सकाळपासूनची बडबड थांबली. तिनं शेजारणीला फादरांना आणायला धाडलं. फादर पलीकडच्या डोंगरी गावात एका आजाऱ्याकडे गेले होते, म्हणून शेजारीण तशीच तिकडे गेली. खोलीत आम्ही दोघीच उरलो. माझा नवरा आणि माझा भाऊ एकाच होडीवर होते आणि होडी संध्याकाळच्या भरतीबरोबर यायची होती.

आमच्या धर्मात मरायला टेकलेल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला फादरच लागतो असं नाही. कुणीही द्यावा. डोक्यावर पाणी ओतायचं, ठरलेले चार शब्द म्हणायचे, झालं. सुईणीला तर हे पहिल्यांदा शिकवतात. आईनं आजवर अशा सात-आठ बाळांना पाणी घातलं होतं आणि त्यातलं एकही जगलं नव्हतं.

आता जगणार कसं? मरायला टेकलेल्यांनाच तर ती घालायची. पण आमच्या पाखाडीतल्या बायकांनी त्याचा उलटा अर्थ लावला होता. घरी पाणी घातलेलं पोर घरात राहत नाही, असं त्या म्हणायच्या. फादर येऊन मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लावून गेले म्हणून म्हातारा मेला, असं म्हणणाऱ्यांतल्याच त्या. मी पाचवीपर्यंत शिकले होते, मास्तर मला चारचौघांत हुशार म्हणायचे, आणि माझ्याही डोक्यात तेच बसलेलं. शिवाय बाप्तिस्म्याला तुलाच बाळाचा धर्मबाप करीन असा शब्द मी भावाला दिला होता. आमचे आईबाप लवकर गेले. त्यानंच मला वाढवलं, त्यानंच माझं लग्न लावून दिलं. बाळाला हातांवर घेऊन देवळात उभं राहायचं म्हणून त्यानं नवा सदरा शिवून ठेवला होता. घरात घाईघाईनं पाणी घालणं म्हणजे पोराला मरायची परवानगी देणं, असं मला वाटलं.

दुपार कलली तेव्हा आईनं पाण्याची वाटी उचलली. मी माझा तळहात पोराच्या टाळूवर ठेवला.

"बाय, हात काढ," ती म्हणाली.

"न्हाय. भाऊ येऊ दे."

"हात काढ गो. मला पानी घालू दे."

"भरती लागलीय. येतीलच आता. बघ ना, दूध ओढतोय तो."

तो दूध ओढत नव्हता, हे मलाही दिसत होतं. आई वाटी हातात धरून बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा एकदा विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं. होडी आली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि माझ्या हाताखालची टाळू गार पडून वेळ झाला होता. किती वेळ, ते मला माहीत नाही. मी हात काढलाच नव्हता.

बाप्तिस्मा न झालेलं पोर देवाकडे पोचत नाही असं मानायचे, आणि त्याला सिमेट्रीत पुरत नसत. नवऱ्यानं आणि भावानं त्याला एका खोक्यात घालून भिंतीच्या बाहेर, ताडांखाली नेलं. घंटा वाजली नाही. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे देवळात कुणी त्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. अंधार पडता पडता फादर घरी आले. माणूस वाईट नव्हता. शेजारणीला ते डोंगरीत दिवस कलल्यावर सापडले होते, तिथून धावत आले होते, झग्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी आईला एकच विचारलं, "तू इतक्या वर्षांची सुईण. पाणी का नाही घातलंस?"

मी बाजेवर पडून सगळं ऐकत होते. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चुकलं, फादर," ती म्हणाली.

आणि मी गप्प बसले. हे आज लिहायला जड जातंय, पण तेव्हा गप्प बसणं फार सोपं गेलं.

पुढच्या दोन महिन्यांत पाखाडीत दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळा पलीकडच्या गावातली सुईण आणली. एकदा तर ती बाई घर सापडेना म्हणून आमच्याच अंगणात येऊन उभी राहिली, आणि आईनं हातातलं काम ठेवून तिला त्या घराच्या दारापर्यंत सोडलं. परत आली आणि कामाला लागली. विहिरीवर बायका बोलायच्या, मी आले तरी थांबायच्या नाहीत, उलट माझ्यासाठीच बोलायच्या. "वाटी हातात होती म्हनतात, तरी घातलं न्हाय. म्हातारी चळलीय. सोताच्या नातवाला काळोखात धाडलं गो तिनं." मग माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी पाठ पुढे करायचे. खोटं कशाला सांगू?

त्या दिवसांत मला काय होत होतं असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, काही नाही. दूध आलं. ते येणारच, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं छाती फडक्यानं आवळून बांधली आणि आठ-दहा दिवसांत तेही थांबलं. मग मी वलांड्यांवर जायला लागले. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूची मांडणी. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टांगायचे, एक अलीकडे, एक पलीकडे. त्यांच्या दातांनी बोटं फाटतात. संध्याकाळी आई म्हणायची, "बोटं बघ तुजी." मी बघायचे. रक्त असायचं. एवढंच. भाऊ एकदा माझ्यासमोर बसून तोंड झाकून रडला आणि मी भिंतीकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिले. नवरा मुळात अबोल. होडीवर जायचा, यायचा, थोडा वेळ माझ्याशेजारी बसायचा आणि उठून जायचा.

प्रार्थना मी सोडली नाही. तोंड आपोआप चालायचं. पण आत एक गोष्ट पक्की होऊन बसली होती. देव मायाळू असेल, पण माझ्यासाठी नाही. माझ्या लेकराला त्याच्याकडे जायचं होतं आणि मी मध्ये हात धरला. त्याचा बोल दुसरीला लागतोय आणि मी तो लागू देतेय. अशा बाईवर देव प्रेम करतो का? तेवढा एक प्रश्न माझ्यात जिवंत उरला होता, बाकी सगळं बधिर होतं. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

अशात मास्तर काठी टेकत घरी आले आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. "मुली, यंदा तू वाच. मला आता अक्षर म्हणजे मुंगी आणि मुंगी म्हणजे अक्षर."

ओट्यावर बसलेला एक चुलत सासरा म्हणाला, "बाईमानूस वाचनार?"

"मग तू वाच," मास्तर म्हणाले, आणि तो विडी शोधायला लागला, कारण त्याला सहीसुद्धा येत नव्हती.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं. मास्तरांनी मला एवढंच सांगितलं की घाई करू नकोस आणि देवळातला आवाज काढू नकोस. "घरातल्या माणसाचं पत्र आलंय आणि घरच्यांना वाचून दाखवायचंय, असं वाच."

सहा भागांवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मी खुणांच्या बाहेरही वाचायला लागले. दुपारी बोंबील टांगून झाले की दारात बसून पान पान चाळायचे. भक्तीनं नव्हे. पाणी न घातलेल्या पोरांचं पुढं काय होतं, हे त्यात कुठंतरी लिहिलेलं असणार, असं मला वाटत होतं. एवढं मोठं पुस्तक, एवढं साधं विचारलेलं त्यात नसेल? मी शेवटच्या पानापर्यंत गेले. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मिळाली ती एक लहानशी गोष्ट. बायका आपली पोरं ख्रिस्ताकडे घेऊन येतात, त्यानं डोक्यावर हात ठेवावा म्हणून. त्याचे शिष्य त्यांना दटावतात, हाकलतात. त्यावर तो शिष्यांवरच रागावतो आणि पोरांना जवळ घेतो. दुसऱ्या कुणा बाईला ही गोष्ट वाचून बरं वाटलं असतं. मी ती दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं. त्या बायकांनी पोरं आणली तरी होती. मी त्या बायकांत नव्हते, मी त्या शिष्यांत होते. तो ज्यांच्यावर रागावला त्यांत.

आई चुलीपुढे होती. "काय वाचलंस?" तिनं विचारलं.

"पोरांची गोष्ट."

"मोठ्यानं वाच."

वाचली. तिनं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "त्या पोरांचं धर्मबाप कोन व्हतं, लिवलंय काय?"

"न्हाय लिहिलं."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. तेव्हा मला वाटलं की ती मला टोचून बोलतेय. मी रागानं उठून गेले. राग आल्याचं त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच जाणवलं, पण तो वलांडीपर्यंत पोचेपर्यंत विझला.

पाच शुक्रवार मी वाचलं. बरं वाचलं असावं, कारण लोक खोकायचे थांबले होते. बागेतलं झालं, शिष्यांची झोप झाली, तलवारी आल्या, एका शिष्याचं त्याला तीनदा नाकारणं झालं. बायका डोळे पुसायच्या. पान उलटताना मी लोकांकडे बघायचे आणि मला नवल वाटायचं की हे सगळे कशावर रडताहेत. मी शब्द नीट ठेवत होते, बस्स. सगळ्या बायका दाटीवाटीनं बसायच्या आणि आईच्या दोन्ही बाजूंना मात्र एकेक माणसाची जागा मोकळी असायची. ती मांडीवर हात ठेवून खाली बघत ऐकायची.

आमच्याकडे रीत होती की वर्षात ज्या घरी मौत झाली त्या घरी सहावं वाचन करायचं. पाचव्या शुक्रवारी उठता उठता मास्तर म्हणाले, "पुढचं इथल्या वाचणारीच्या घरी."

"घंटा वाजली न्हाय, मंग मौत कसली?" मागून कुणीतरी म्हणालं. दुष्टपणानं नव्हे, नियम म्हणून. मला तेही ऐकू आलं आणि तेही आत कुठं लागलं नाही. मास्तर म्हणाले, "मौत नसली तर नसली. वाचणारी तिथं राहते ना?" आणि विषय संपला.

सहाव्या शुक्रवारी आईनं शेणानं सारवलं, चटया घातल्या. ही येईल, ती येणार नाही, असं माझ्या मनात होतं, पण सगळ्या आल्या. ज्यांनी दुसरी सुईण आणली होती त्या दोघीही आपापली पोरं मांडीवर घेऊन आल्या. मोकळ्या जागा नेहमीसारख्याच राहिल्या. आई चुलीच्या खोलीच्या दाराशी बसली, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी.

मी वाचायला लागले. ख्रिस्ताला बांधून रोमी सुभेदारापुढे आणतात. मोठी मोठी माणसं त्याच्यावर एकामागून एक आरोप करतात. सुभेदार विचारतो, हे सगळे तुझ्यावर एवढे आळ घेताहेत, तुला काही म्हणायचं नाही? आणि तो काही म्हणत नाही. एकाही आरोपाला उत्तर देत नाही. सुभेदाराला त्याचं नवल वाटतं.

ही ओळ मी त्या आठवड्यात घरी चार-पाच वेळा वाचली होती. मला कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा ते ठरलेलं होतं. श्वास घ्यायला मी मान वर केली आणि समोर आई होती. खाली बघत, मांडीवर हात ठेवून, दोन्हीकडे जागा मोकळी. तिला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. फादरांनी विचारलं, विहिरीनं विचारलं, अख्ख्या पाखाडीनं विचारलं. ती एकाही आरोपाला उत्तर देत नव्हती.

त्या ओळीत मला देव दिसला असं मी म्हणणार नाही. मला सासू दिसली. आणि मग पुस्तकातला तो आणि दाराशी बसलेली ती, यांना एकमेकांपासून वेगळं करता येईना. मला वाटत होतं देव न्यायाधीशाच्या खुर्चीत आहे आणि मी त्याच्यापुढे उभी आहे. पण गोष्टीत तर तो आरोपीच्या जागी उभा होता. माझ्याच जागी. आणि माझं नाव सांगत नव्हता. चार महिने हे प्रेम माझ्या घरात भाकरी भाजत होतं, माझी बोटं बघत होतं, आणि मी ते पुस्तकाच्या पानांत शोधत होते.

माझा आवाज बंद पडला. मास्तरांना वाटलं कंदील मंदावला. "वात वर करा रे," ते म्हणाले.

"आई पाणी घालत होती," मी म्हटलं. आवाज वाचनाचाच निघाला, सरळ, शब्द नीट ठेवलेले. "माझ्या पोराला. तिनं वाटी उचलली होती. तीनदा मला हात काढ म्हणाली. मीच हात काढला नाही. भाऊ येईपर्यंत थांब म्हटलं. मी म्हटलं. आईनं नाही."

भाऊ पुरुषांत बसला होता, त्यानं मान खाली घातली. एका मांडीवरचं पोर कुरकुरायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेल, उठून जाईल, थुंकेल. बोलली ती आईच, आणि तीही रागावून.

"वाच पुढं," ती म्हणाली. "लोकांना घरी जायचंय."

मी वाचलं. फटके वाचले, काट्यांचा मुकुट वाचला, क्रूसाची टेकडी वाचली. शेवटी त्याला कबरेत ठेवून तोंडावर धोंडा लावला आणि पुस्तक मिटलं. लोक उठले. त्या दोन पोरांच्या आयांतली थोरली आईजवळ गेली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच आपलं पोर आईच्या हातांत दिलं. आईनं त्याला उजेडात धरून बघितलं. "नाळ नीट कापली न्हाय तिनं," ती म्हणाली आणि परत दिलं.

सगळे गेल्यावर आईनं दार लोटलं आणि माझ्यावर खवळली. "कशाला तोंड उघडलंस? माझं काय जात व्हतं? मी म्हातारी. दोन-चार वरसं बोलतील, मंग मी जाईन, बोलनं बी जाईल. तुला अख्खी हयात हितं काढायची हाय. उद्या पोरं व्हतील तुला, त्यांच्या तोंडावर सांगतील, तुजी आयस अशी व्हती."

"मग सांगितलं का नाहीस तू?"

ती चटया गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता थांबली.

"तुजा हात काढायला मला किती जोर लागला असता? दोन बोटांचा. मी काढला न्हाय. मलाबी वाटलं, जगंल." मग चटई भिंतीला उभी करून म्हणाली, "आनि नातू गेलाच व्हता. तुला बी घालवू?"

माझं पोर कुठं आहे हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि आजही मला कुणी तसं लिहून दिलेलं नाही. पण जो माझा आडवा धरलेला हात स्वतःवर घेतो, तो त्या हाताखालच्या लेकराला भिंतीबाहेर ठेवून दार लावून घेईल, हे मला त्या क्षणापासून पटेनासं झालं. फादरांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना उगीच पेचात कशाला टाकायचं?

मी चुलीजवळ बसले आणि मला रडू आलं. हळू नाही. ओरडून, जमिनीवर हात आपटत, पोटातून. इतकं की आत्ताच गेलेली शेजारीण धावत परत आली, तीच जी त्या दिवशी डोंगरीपर्यंत गेली होती. दार ढकलून आत आली आणि घाबरून म्हणाली, "काय झालं गो हिला?"

आई माझ्याजवळ खाली बसली. माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

"पोर गेलाय तिचा," ती म्हणाली. "रडू दे तिला."